जुन्या मोटारीच्या पुढच्या सस्पेन्शनचे भाग बदलताना

साधारण १९५० ते १९८० या काळात बनलेल्या बहुतेक मोटारींचे पुढचे सस्पेन्शन साध्या हत्यारांनी उघडता येते. त्यात सेन्सर नसतात, वायरी नसतात. चाकाला चेसिसशी जोडणारे दोन आर्म, एक स्प्रिंग, शॉक अॅब्सॉर्बर, आर्मच्या टोकांत बसणारे काही रबरी बुश आणि चाक वळू देणारे सांधे एवढाच त्याचा संसार असतो. तरीही हे काम ब्रेकचे पॅड बदलण्याइतके सरळ नाही. स्प्रिंगमध्ये माणसाला जायबंदी करण्याइतकी ताकद दाबून ठेवलेली असते, हे त्याचे पहिले कारण. दुसरे असे की, इथे भाग नुसते घट्ट बसवून भागत नाही: चाक जमिनीवर ज्या कोनात उभे राहावे असे रचनाकाराने ठरवले होते, त्याच कोनात ते पुन्हा उभे राहिले तरच काम झाले असे म्हणता येते. म्हणून या कामात पाना फिरवण्याइतकेच, किंबहुना त्याहून अधिक, महत्त्व मोजमापाला आहे.

हा लेख मुख्यतः एका वरच्या आणि एका खालच्या आर्मच्या, मध्ये कॉइल स्प्रिंग असलेल्या रचनेबद्दल आहे, कारण जुन्या मोटारींत ती सर्वाधिक आढळते. मात्र हत्याराला हात लावण्याआधी आपल्या गाडीत हीच रचना आहे का, याची खात्री करून घ्यावी. १९४८ मध्ये आलेल्या मॉरिस मायनरला पुढे कॉइल स्प्रिंग नाहीच. तिथे लांब टॉर्शन बार, म्हणजे स्प्रिंगचे काम करणारा पोलादी दांडा, पिळला जातो. बहुतेक फोक्सवॅगन बीटललाही पुढे नळ्यांमध्ये बसवलेल्या टॉर्शन पट्ट्या आहेत. १९५९ च्या मिनीत रबराचे शंकू स्प्रिंगचे काम करतात आणि ते दाबायला खास हत्यार लागते. एमजीबीसारख्या गाडीत वरचा आर्म म्हणजे लिव्हर पद्धतीच्या शॉक अॅब्सॉर्बरचाच हात असतो, त्यामुळे तो बदलणे म्हणजे वरचा आर्मच काढणे. मॅकफर्सन स्ट्रट, म्हणजे स्प्रिंग आणि शॉक अॅब्सॉर्बर एकत्र असलेला उभा खांब, असेल तर वरचा आर्म नसतोच. या प्रत्येक रचनेत ताण सोडण्याची पद्धत वेगळी आहे, म्हणून त्या गाडीचे मूळ वर्कशॉप मॅन्युअल मिळवणे हा कामाचा पहिला टप्पा मानावा. पुढे दिलेले सर्व काही मॅन्युअलला पूरक आहे, त्याच्या जागी वापरण्यासाठी नाही.

नेमके काय झिजले आहे ते शोधणे

सगळेच भाग एकदम बदलण्याचा मोह होतो, पण आधी दोष ओळखणे चांगले. गाडीचा पुढचा भाग उचलून स्टँडवर ठेवावा आणि चाक वर-खाली, म्हणजे घड्याळातील बारा आणि सहाच्या जागी, धरून हलवावे. प्ले, म्हणजे सैलपणा, जाणवला तर मदतनीसाला ब्रेक दाबून धरायला सांगावे आणि पुन्हा हलवावे. ब्रेक दाबल्यावर प्ले नाहीसा झाला तर दोष व्हील बेअरिंगचा आहे. तो तसाच राहिला तर किंगपिन (चाक ज्याच्याभोवती वळते ती उभी खीळ) किंवा त्याच्या जागी असणारा बॉल जॉइंट (गोळीचा सांधा) झिजला आहे. त्यानंतर चाक तीन आणि नऊच्या जागी धरून हलवावे. तिथला प्ले बहुधा टाय रॉड एंडचा (स्टिअरिंगचा दांडा चाकाकडे जोडणाऱ्या सांध्याचा) किंवा स्टिअरिंग बॉक्सचा असतो, आणि सांध्यावर बोट ठेवून पाहिले की नेमका कोणता ते हाताला कळते.

इथे एक बारकावा आहे. स्प्रिंग खालच्या आर्मवर बसलेली असेल आणि गाडी चेसिसखाली उचललेली असेल, तर लोंबकळत्या आर्मला स्प्रिंग खाली रेटत राहते आणि खालचा बॉल जॉइंट ताणलेल्या स्थितीत अडकून बसतो. मग झिजलेला सांधाही घट्ट वाटतो. म्हणून खालच्या आर्मखाली जॅक लावून तो थोडा वर उचलावा, सांध्यावरचा भार काढावा आणि मगच प्ले तपासावा.

बुश डोळ्यांनी तपासावे लागतात. टॉर्चच्या प्रकाशात आर्मच्या टोकाकडे पाहिले की चांगल्या बुशमध्ये आतली धातूची नळी बरोबर मध्यभागी दिसते आणि तिच्याभोवती रबराचे सारख्या जाडीचे कडे असते. झिजलेल्या बुशमध्ये नळी एका बाजूला सरकलेली असते, खालचे रबर कागदासारखे पातळ झालेले असते, कडेला बारीक भेगा असतात, आणि इंजिनचे तेल वर्षानुवर्षे ठिबकले असेल तर रबर फुगून मऊ पडलेले असते; अशा वेळी तेलगळती आधी थांबवावी, नाहीतर नव्या बुशचीही तीच गत होईल.

सुटे भाग आणि हत्यारे

स्प्रिंग, शॉक अॅब्सॉर्बर, बुश आणि बॉल जॉइंट नेहमी दोन्ही बाजूंचे जोडीने बदलावेत. एका बाजूला नवी आणि दुसऱ्या बाजूला दमलेली स्प्रिंग असेल तर गाडी एका अंगाला कलते आणि ब्रेक लावताना एका बाजूला ओढते. काही गाड्यांत डाव्या आणि उजव्या स्प्रिंगची लांबी मुळातच वेगळी असते, म्हणून जुनी काढताना कोणती कुठली यावर खूण करून ठेवावी.

बुश रबराचे घ्यावेत की पॉलियुरेथेनचे, हा प्रश्न नवशिक्यांना हमखास पडतो. रबरी बुशमध्ये आतली आणि बाहेरची नळी रबराला कायमची चिकटवलेली असते आणि आर्म हलतो तेव्हा रबर पिळले जाते. काहीच घासत नाही, म्हणून वंगण लागत नाही आणि रस्त्याची थरथर बरीचशी शोषली जाते. पॉलियुरेथेनचा बुश नळीवर प्रत्यक्ष फिरतो, त्यामुळे त्याला सिलिकोन ग्रीस लागते आणि ते कमी पडले की तो कुरकुरतो. तो तेलाला दाद देत नाही आणि स्टिअरिंग अधिक नेमके करतो, पण बदल्यात गाडी थोडी कडक चालते. ज्या गाडीचा मूळ स्वभावच मऊ चालीचा आहे तिला चांगल्या प्रतीचे रबरी बुशच शोभतात, असे माझे मत आहे. प्रतीचा मुद्दा मात्र गंभीरपणे घ्यावा, कारण हलक्या रबराचे बुश काही महिन्यांतच फाटतात आणि सगळे काम पुन्हा करावे लागते.

नट-बोल्ट हा दुर्लक्षित विषय आहे. ब्रिटिश आणि अमेरिकन जुन्या गाड्यांत इंची मापाचे बोल्ट असतात. अर्ध्या इंचाचे माथे १२.७ मि.मी. भरते, त्यावर १३ चा पाना सैल बसतो आणि गंजलेल्या नटाचे कोपरे गोल करून टाकतो. तेव्हा इंची पाने घ्यावेतच. आट्यांचीही सरमिसळ होऊ देऊ नये. नवीन बोल्टच्या माथ्यावरची खूण वाचावी: मेट्रिकमध्ये किमान ८.८ लिहिलेले असावे, आणि अमेरिकन पद्धतीच्या इंची बोल्टवर ग्रेड ५ साठी तीन व ग्रेड ८ साठी सहा रेषा असतात. चकचकीत राहतो म्हणून स्टेनलेस स्टीलचा बोल्ट सस्पेन्शनमध्ये घालू नये, कारण सर्रास मिळणारा स्टेनलेस बोल्ट ८.८ च्या बोल्टपेक्षा कमी ताणाला वाकतो. आत नायलॉनचे कडे असलेले नट आणि स्प्लिट पिन एकदा काढल्यावर पुन्हा वापरू नयेत.

हत्यारांत दोन मजबूत जॅक स्टँड, एक ट्रॉली जॅक, टॉर्क रेंच (नट ठरावीक जोराने, म्हणजे टॉर्कने, आवळणारा पाना), बॉल जॉइंट सोडवण्याचा पुलर, दोन जड हातोडे, शेगडा, आपल्या रचनेला साजेसा स्प्रिंग कॉम्प्रेसर, साखळीचा एक तुकडा आणि डोळ्यांसाठी गॉगल एवढे हवेच. प्रत्यक्ष कामाच्या दोन-तीन दिवस आधीपासून सगळ्या नट-बोल्टवर गंज सोडवणारे तेल सोडत राहावे.

उघडण्यापूर्वीच्या नोंदी

गाडी सपाट जमिनीवर, टायरमध्ये योग्य हवा भरून, उभी करावी. प्रत्येक पुढच्या चाकाच्या मध्यापासून सरळ वर मडगार्डच्या कडेपर्यंतचे अंतर मोजून लिहावे. हे अंतर पुढे शेवटच्या टप्प्यात लागणार आहे, म्हणून ते आठवणीवर सोडू नये. जुन्या स्प्रिंग बसल्या आहेत, म्हणजे दबून आखूड झाल्या आहेत, असे वाटत असेल तर मॅन्युअलमधील मूळ उंचीही शेजारी लिहून ठेवावी.

वरच्या आर्मच्या पिव्होटमागे कोन जुळवण्यासाठी पातळ पत्र्याचे शिम असतील, तर प्रत्येक बोल्टचे शिम वेगळ्या पिशवीत घालून त्यावर जागा लिहावी. पुढचे मागे आणि मागचे पुढे गेले तर चाकाचा कल बदलतो. टाय रॉड एंड बदलायचा असेल तर त्याच्या लॉकनटच्या कडेला रंगाची रेघ ओढावी आणि काढताना किती फेरे निघाले ते मोजावे. अनेक गाड्यांत एका बाजूचे आटे डावे असतात, म्हणून नट फिरत नसेल तर जोर वाढवण्याआधी आट्यांची दिशा पाहावी. फोटो भरपूर काढावेत, आणि एका वेळी एकच बाजू उघडावी. दुसरी बाजू जोडलेली असली की शंका आल्यावर तिच्याकडे पाहून खात्री करता येते.

गाडी उचलणे आणि सांधे सोडवणे

मागच्या चाकांना पुढून आणि मागून ठोकळे लावावेत, हँडब्रेक ओढावा आणि चाकांचे नट गाडी जमिनीवर असतानाच थोडे सैल करावेत. पुढचा भाग उचलून स्टँड चेसिसच्या भक्कम भागाखाली लावावेत, आर्मखाली नव्हे, कारण आर्म तर आपल्याला काढायचा आहे. जुन्या गाडीत ज्या जागी स्टँड लावणार तिथला पत्रा गंजून पोकळ झाला नाही ना, हे स्क्रू ड्रायव्हरच्या मुठीने ठोकून पाहावे. नुसत्या जॅकवर तोललेल्या गाडीखाली हातसुद्धा घालू नये. दोन्ही बाजू सारख्याच उंचीवर लोंबत्या ठेवल्या तर अँटी-रोल बार (दोन्ही बाजूंना जोडणारा, वळणावर गाडीचे कलणे कमी करणारा दांडा) पिळलेला राहत नाही आणि त्याचे दुवे सहज सुटतात.

चाक काढल्यावर डिस्क ब्रेक असेल तर कॅलिपर सोडवून तारेने वर बांधावा. तो ब्रेकच्या रबरी नळीवर लोंबकळू देऊ नये. जुन्या ब्रेकच्या धुळीत अॅस्बेस्टॉस असू शकते, म्हणून ती फुंकरीने किंवा हवेच्या दाबाने न उडवता ओल्या फडक्याने पुसावी.

यानंतर ट्रॉली जॅक खालच्या आर्मखाली, स्प्रिंगच्या शक्य तितक्या जवळ लावून थोडा वर घ्यावा. हे केल्याशिवाय शॉक अॅब्सॉर्बर काढू नये, कारण पुष्कळ गाड्यांत आर्म खाली किती जाईल हे तोच अडवून ठेवतो.

बॉल जॉइंटचा दांडा निमुळता असतो आणि तो नटाने ओढून छिद्रात पाचरीसारखा घट्ट बसवलेला असतो. नट पूर्ण काढू नये. तीन-चार आटे सैल करून तसाच राहू द्यावा, म्हणजे सांधा सुटताना आर्म उसळणार नाही. पुलर लावून ताण द्यावा आणि ज्या डोळ्यात दांडा बसला आहे त्या डोळ्याच्या बाजूवर, मागे एक जड हातोडा टेकवून, दुसऱ्या हातोड्याने एक-दोन सरळ ठोके द्यावेत. डोळा क्षणभर लंबगोल होतो आणि मोठा आवाज होऊन सांधा सुटतो. दांड्याच्या आट्यांवर कधीही ठोकू नये. दुबेळकी पाचर ठोकून सांधा सोडवण्याची पद्धत रबरी टोपी फाडते, तेव्हा तो सांधा फेकूनच द्यायचा असेल तरच ती वापरावी.

स्प्रिंग काढणे

इथे घाई अजिबात करू नये. ११०० किलो वजनाच्या गाडीत एका पुढच्या चाकावर साधारण २७५ किलो भार येतो असे धरले, आणि स्प्रिंग आर्मच्या मध्याजवळ बसलेली असली, तर तरफेच्या नियमाने स्प्रिंगवर त्याच्या जवळजवळ दुप्पट, म्हणजे ५५० किलोच्या आसपास भार असतो. चाक लोंबते सोडल्यावर तो कमी होतो, पण शून्य होत नाही. अडवणारा भाग अचानक निघाला तर हीच ताकद स्प्रिंगला बाहेर फेकते.

म्हणून सर्वप्रथम साखळी स्प्रिंगच्या वेढ्यांतून घालून चेसिसभोवती सैलसर बांधावी. त्यानंतर मॅन्युअलमध्ये सांगितलेल्या पद्धतीने स्प्रिंग कॉम्प्रेसर लावून ती थोडी दाबावी आणि वरचा किंवा खालचा सांधा सोडवून जॅक हळूहळू खाली घ्यावा. ज्या गाडीत स्प्रिंगखालची थाळी आर्मला चार बोल्टनी जोडलेली असते, तिथे समोरासमोरचे दोन बोल्ट काढून त्यांच्या जागी पूर्ण लांबीचे आटे असलेले, चांगल्या ग्रेडचे लांब बोल्ट घालतात, मग उरलेले दोन काढून लांब बोल्टचे नट आळीपाळीने थोडे थोडे सैल करत थाळी खाली आणतात. ही पद्धत संथ आहे, पण मला ती सर्वांत भरवशाची वाटते, कारण प्रत्येक क्षणी ताण आपल्या हातात असतो. दोन्हींपैकी काहीही करताना आपले डोके आणि शरीर स्प्रिंगच्या रेषेत नसावे. बाजूला उभे राहून काम करावे. स्प्रिंग सैल होऊन हाताने हलू लागली की मगच तिला बाहेर घ्यावे. मॅकफर्सन स्ट्रटची स्प्रिंग कॉम्प्रेसरशिवाय उघडण्याचा प्रयत्न कोणीही करू नये.

आर्म, बुश आणि किंगपिन

आर्म काढल्यावर तारेच्या ब्रशने साफ करावा आणि वाकणे, तडे, बोल्टची छिद्रे अंडाकृती होणे हे सगळे उजेडात पाहावे. चेसिसवर जिथे आर्मचे पिव्होट बसतात तिथेही तडे आणि गंज शोधावेत; बुश बदलून कुजलेला पत्रा भक्कम होत नाही, तो आधी दुरुस्त करावा लागतो.

जुना बुश शेगड्यात दोन सॉकेटच्या साहाय्याने दाबून काढता येतो: एक सॉकेट बुशच्या बाहेरच्या नळीपेक्षा किंचित लहान, दुसरे बुश आत मावेल इतके मोठे. बुश जाळून काढण्याचा मार्ग टाळावा, कारण रबराचा धूर विषारी असतो. नवा बुश काही तास फ्रीझरमध्ये ठेवला तर थोडासा आकसतो आणि सरळ बसतो. दाब नेहमी बाहेरच्या नळीवर द्यावा. आतल्या नळीवर दिला तर रबर तिथल्या तिथे सुटते. साबणाचे पाणी चालते, साधे ग्रीस चालत नाही, कारण खनिज तेलाने रबर सडते. बुशवर बाण किंवा रबरात पोकळ्या असतील तर त्यांची दिशा मॅन्युअलप्रमाणे ठेवावी.

किंगपिनच्या गाडीत नवे पितळी बुश दाबून बसवल्यावर आतून रीमरने अचूक मापाला आणावे लागतात आणि वरचे-खालचे बुश एकाच रेषेत असावे लागतात. नवशिक्याने हे काम लेथ असलेल्या कारागिराकडे सोपवावे. परत आल्यावर बुशचे भोक ग्रीस निपलच्या भोकासमोर आले आहे ना, हे तारेचा तुकडा घालून पाहावे. ट्रायम्फ हेरल्ड किंवा स्पिटफायरच्या खालच्या ट्रनियनमध्ये (आट्यांवर फिरणाऱ्या सांध्यात) ग्रीस नव्हे तर ९० ग्रेडचे गिअर ऑइल घालायचे असते. तो सांधा कोरडा पडला की आट्यांमध्ये पाणी शिरते आणि दांडा तुटून चाक निखळू शकते.

जोडणी

जोडणी काढण्याच्या उलट क्रमाने होते, पण तीन ठिकाणी जपावे लागते. स्प्रिंगच्या तारेचे टोक थाळीतल्या आपल्या खाचेत बरोबर टेकले पाहिजे आणि वरचे रबरी पॅकिंग जागेवर असले पाहिजे. बॉल जॉइंटचा निमुळता दांडा आणि त्याचे छिद्र स्वच्छ व कोरडे असावे; तिथे ग्रीस लावायचे नाही. आणि खाचेच्या नटाला टॉर्क दिल्यावर स्प्लिट पिनचे भोक जुळत नसेल तर नट आणखी घट्ट करत पुढच्या खाचेपर्यंत न्यावा, मागे कधीही सैल करू नये.

टॉर्कचे आकडे मॅन्युअलमधूनच घ्यावेत. ते कोरड्या आट्यांसाठी असतील आणि आपण आट्यांना तेल लावले, तर त्याच टॉर्कला बोल्ट बराच जास्त ताणला जातो, हे ध्यानात ठेवावे. प्रत्येक नट टॉर्कला आणल्यावर त्यावर रंगाची आडवी रेघ ओढावी, म्हणजे कोणता राहिला आणि पुढे कोणता सैल झाला हे एका नजरेत दिसते.

बुशचे बोल्ट मात्र या टप्प्यावर फक्त हातघट्ट ठेवावेत. यामागचे कारण नीट समजून घेण्यासारखे आहे. बोल्ट आवळला की रबरी बुशची आतली नळी जागेवर जखडली जाते आणि तिथून पुढे आर्म जितका फिरेल तितके रबर पिळले जाते. चाक लोंबत असताना बोल्ट आवळला तर गाडी जमिनीवर येताच रबर पिळलेल्या अवस्थेत जाते आणि उभ्या गाडीतही तसेच राहते; गाडी पुढून उंच दिसते, चाल कडक होते आणि नवा बुश लवकर फाटतो. म्हणून चाके लावून गाडी खाली घ्यावी, पुढचा भाग चार-सहा वेळा दाबून सोडावा, गाडी थोडी पुढे-मागे ढकलावी, म्हणजे टायर रस्त्यावर आडवे सरकून सस्पेन्शन आपल्या उंचीवर बसते. मग रॅम्पवर किंवा चारही चाकांखाली भक्कम ठोकळे घेऊन बुशचे बोल्ट पूर्ण टॉर्कला आवळावेत. तशी सोय नसेल तर खालच्या आर्मखाली जॅक लावून स्टब अॅक्सलच्या (चाक ज्यावर फिरते त्या आखूड दांड्याच्या) मध्यापासून मडगार्डपर्यंतचे अंतर सुरुवातीला लिहून ठेवलेल्या अंतराइतके होईपर्यंत आर्म उचलावा, गाडी स्टँडवरून उठत नाही ना ते पाहावे, आणि त्या स्थितीत बोल्ट आवळावेत. मुळात बसलेली स्प्रिंग बदलली असेल तर इथे मॅन्युअलमधील उंची घ्यावी.

व्हील बेअरिंग उघडले असेल तर जुने ग्रीस पूर्ण धुऊन नवे ग्रीस रोलरांच्या मधून तळहाताने दाबून भरावे. निमुळत्या रोलरच्या बेअरिंगला किंचित मोकळीक लागते, एमजीबीमध्ये उदाहरणार्थ ०.०५ ते ०.१० मि.मी.; ती आपल्या गाडीच्या मॅन्युअलप्रमाणे ठेवावी, कारण पूर्ण आवळलेले बेअरिंग तापून जळते.

रस्त्यावर नेण्याआधी

ब्रेकचे पेडल दोन-तीन वेळा दाबून कडक होते ना ते पाहावे. स्टिअरिंग एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवून ब्रेकची नळी कुठे घासत किंवा ताणली जात नाही, याची खात्री करावी. टो-इन, म्हणजे चाकांचा पुढच्या कडेने किंचित आत असलेला कल, तात्पुरता दोरीने जुळवता येतो: गाडीच्या दोन्ही बाजूंना समांतर दोऱ्या ताणून रिमच्या पुढच्या आणि मागच्या कडेचे दोरीपासूनचे अंतर मोजावे आणि टाय रॉड समान फेऱ्यांनी फिरवून मॅन्युअलमधील आकडा गाठावा. हे फक्त अलाइनमेंट करणाऱ्या ठिकाणापर्यंत गाडी सावकाश नेण्यापुरते आहे. तिथे कॅम्बर (चाकाचा आत-बाहेरचा कल), कॅस्टर (चाक ज्या अक्षावर वळते त्याचा पुढे-मागे कल) आणि टो तिन्ही मोजून घ्यावेत, आणि यंत्रात आधीच भरलेले आधुनिक गाडीचे आकडे नव्हे तर आपल्या मॅन्युअलमधले आकडे कारागिराच्या हातात द्यावेत.

पहिली फेरी कमी वेगात, रहदारी नसलेल्या रस्त्यावर घ्यावी. ब्रेक लावताना ओढ, वळताना खटखट, स्टिअरिंग मध्यावर परत न येणे, यांपैकी काही जाणवले तर तिथेच थांबून पाहावे. घरी आल्यावर व्हील हबला हात लावून एक बाजू दुसरीपेक्षा जास्त तापली नाही ना ते तपासावे. नव्या स्प्रिंग सुरुवातीच्या काही दिवसांत थोड्या बसतात, म्हणून शंभर-दोनशे किलोमीटर झाल्यावर उंची पुन्हा मोजावी, रंगाच्या रेघा पाहाव्यात, सगळे नट टॉर्क रेंचने पुन्हा तपासावेत, आणि उंची बदलली असेल तर बुशचे बोल्ट एकदा सैल करून नव्या उंचीवर पुन्हा आवळावेत. अलाइनमेंटची अंतिम तपासणी यानंतरच करून घ्यावी.